सोलापूरचा किल्ला आणि दख्खनची मोडलेली एकजूट

सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाला लागून भुईकोट किल्ला आहे. शाळांच्या सहली येतात, मुलं बुरुजांवर फोटो काढतात आणि परत जातात. हा किल्ला दोन वेळा लग्नाच्या बोलणीत आला होता, हे मुलांना कुणी सांगत नाही. पहिल्या वेळी, 1520च्या दशकात, विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण बीबी मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली गेली. तिच्या जहेजमध्ये सोलापूर द्यायचं ठरलं होतं, असं निजामशाहीचं म्हणणं. असं काही ठरलंच नव्हतं, असं आदिलशाहीचं म्हणणं. लग्न झालं, किल्ला मिळाला नाही आणि व्याही लगेच रणांगणात भेटले. दुसऱ्या वेळी अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोलापूर खरोखरच तिच्यासोबत गेलं. ही मुलगी म्हणजे चांदबीबी.

दख्खनच्या सल्तनतींना मुघलांविरुद्ध एकजूट का टिकवता आली नाही, हा प्रश्न जुना आहे. त्याची ठरलेली उत्तरं म्हणजे फितुरी, ऐषआराम, दख्खनी-आफाकी वाद. तीही खोटी नाहीत. पण मला सगळ्यात जास्त कळलं ते या एका किल्ल्याच्या मागे मागे जाऊन.

बहमनी राज्य मोडलं आणि त्यातून पाच सल्तनती निघाल्या: अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा, बिदर आणि वऱ्हाडची इमादशाही. एकट्यानं मोठ्या शत्रूला तोंड देण्याएवढी ताकद कुणाकडेच नव्हती. विजयनगरच्या रामरायानं हे ओळखलं होतं. आज याच्याशी दोस्ती, उद्या त्याच्याशी, असं करत त्यानं प्रत्येकाला कधी ना कधी दुसऱ्यावर सोडलं. शेवटी त्यांनाही ते उमगलं. चांदबीबीचं लग्न त्याच तयारीतलं. उलट बाजूनं अली आदिलशहाची बहीण हुसेन निजामशहाच्या मुलाला, मुर्तझाला दिली गेली. 23 जानेवारी 1565 रोजी तालिकोटच्या लढाईत चार सल्तनती एकत्र लढल्या. रामराया मारला गेला, विजयनगर लुटलं गेलं. पाचवं राज्य, वऱ्हाड, आलंच नाही, कारण हुसेन निजामशहाशी त्याचं जुनं वैर होतं.

ही लढाई धर्माच्या नावानं सांगायची सवय दोन्हीकडच्या लोकांना आहे. पण त्यानंतर काय झालं ते बघा. मधला शत्रू गेला आणि विजापूर व अहमदनगर यांनी करार केला. निजामशाहीनं वऱ्हाड गिळावं, आदिलशाहीनं कर्नाटकात तेवढाच मुलूख घ्यावा आणि एकमेकांच्या वाटेत येऊ नये. 1574 मध्ये मुर्तझा निजामशहानं वऱ्हाड खालसा केलं. म्हणजे मुघल दख्खनच्या उंबऱ्यावर येण्याआधीच पाचांचे चार झाले होते, आणि पाचवा शेजाऱ्यांनीच संपवला होता. पुढं 1636 मध्ये जे झालं त्याची रीत इथंच पडली. त्या वेळी मात्र विजापुरात कुणाला त्यात वावगं दिसलं नसावं.

अकबरानं 1591 मध्ये दख्खनच्या चारही दरबारांत वकील पाठवले. खानदेश आणि अहमदनगरकडे गेलेला वकील फैजी, म्हणजे अबुल फजलचा मोठा भाऊ आणि फारसीचा नामांकित शायर. निरोप एकच होता: बादशहाचं स्वामित्व मान्य करा. खानदेशच्या राजा अली खानानं मान तुकवली. बाकीच्यांनी नजराणे दिले, गोड बोलले आणि शब्द मात्र दिला नाही. मुघल येणार हे सगळ्यांना माहीत होतं, तरी 1595 मध्ये विजापूर आणि अहमदनगर एकमेकांशी लढले आणि तरुण इब्राहिम निजामशहा त्या लढाईत ठार झाला. मग अहमदनगरात गादीवरून गट पडले. मियाँ मंजू नावाच्या सरदारानं स्वतःचं पारडं जड करण्यासाठी गुजरातेत असलेल्या शहजादा मुरादला बोलावणं धाडलं. पुढं त्याला पस्तावा झाला आणि तो विजापूरकडे मदत मागायला निघाला. पण मुराद आणि खान-ए-खानान अब्दुर्रहीम तोवर निघाले होते. डिसेंबर 1595 मध्ये अहमदनगरला वेढा पडला.

चांदबीबीच्या तलवारीबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिलं जातं, नात्यांबद्दल फार कमी. ती अहमदनगरची लेक आणि विजापूरची सून. नवरा वारल्यावर तिनं विजापुरात नऊ वर्षांच्या इब्राहिम आदिलशहाला, म्हणजे दिराच्या मुलाला, वाढवलं आणि त्याच्या नावानं कारभार केला. दरबारी भांडणात काही काळ साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदही भोगली. आता माहेर वेढ्यात सापडल्यावर तिनं त्याच इब्राहिमला मदतीसाठी लिहिलं. त्यानं सुहैल खान या आपल्या हबशी सरदाराला घोडदळ देऊन सरहद्दीवर पाठवलं. फिरिश्ता हा आकडा 25,000 देतो. फिरिश्ता आधी निजामशाहीच्या आणि मग आदिलशाहीच्या चाकरीत होता, त्यामुळे या दोन घरांबद्दल तो बोलतो तेव्हा मी कान देऊन ऐकतो. गोवळकोंड्याचीही तुकडी येऊन मिळाली.

फेब्रुवारी 1596 मध्ये सुरुंगानं तटाला खिंडार पडलं. चांदबीबी स्वतः तिथं उभी राहिली आणि रातोरात भिंत पुन्हा उभी केली गेली. ही कथा सर्वांना माहीत आहे. पण मुघलांनी तह केला तो फक्त त्या भिंतीमुळे नव्हे. मुराद आणि खान-ए-खानानचं आपसात पटत नव्हतं, छावणीत दाणागोटा संपत आला होता आणि सुहैल खानाची फौज वाटेत होती. तहात अहमदनगर वाचलं, वऱ्हाड मुघलांना गेलं. शेजाऱ्याकडून बावीस वर्षांपूर्वी घेतलेलं वऱ्हाड. ती फौज लढलीच नाही, नुसती चालत आली, तरी तिनं काम केलं. दख्खनच्या एकजुटीचं एवढं स्वस्तात झालेलं यश मला दुसरं आठवत नाही.

पण तह फार टिकला नाही. मुघलांनी पाथरीही ताब्यात घेतली. ती वऱ्हाडात मोडत नाही, असं दख्खनवाल्यांचं म्हणणं होतं. 1597च्या सुरुवातीला गोदावरीच्या काठी, आजच्या परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठजवळ, विजापूर, गोवळकोंडा आणि अहमदनगरच्या फौजा एका सेनापतीखाली उभ्या राहिल्या. सेनापती तोच, सुहैल खान. लढाई दोन दिवस चालली. पहिल्या रात्री आपण जिंकलो असं दोन्ही बाजूंना वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मित्रांच्या फौजा पांगल्या आणि विजापूरची फौज शेवटपर्यंत झुंजली. सुहैल खान जखमी झाला, त्याला त्याच्या माणसांनी कसंबसं बाहेर काढलं.

मुघलांच्या बाजूनं लढताना याच मैदानात खानदेशचा राजा अली खान मारला गेला. मान तुकवून राज्य वाचेल असं ज्याला वाटलं होतं, तो हाच. तो दिसेना तेव्हा शत्रूला मिळाला असं समजून मुघल सैनिकांनी त्याचीच छावणी लुटली. नंतर मुडद्यांत त्याचं प्रेत सापडलं. चार वर्षांत त्याच्या मुलाकडून असीरगड घेतला गेला आणि खानदेश मुघल सुभा झाला. अहमदनगरचा किल्ला 1600 मध्येच पडला होता. त्याच्या थोडं आधी, चांदबीबी मुघलांशी बोलणी करते आहे म्हणून ती फितूर झाल्याची हूल उठली आणि किल्ल्यातल्याच माणसांनी तिला मारलं.

हा भाग वर्गात शिकवताना एक प्रश्न हमखास येतो: दोन्हीकडे मुसलमानच, मग भांडत का होते? मुलं विचारतात यात नवल नाही. टीव्हीवर आणि मोबाइलवर त्यांना दोनच रंगांचा इतिहास दिसतो. मी त्यांना एवढंच सांगतो की सोनपेठच्या मैदानात कोण कुठं होतं याची यादी करा. मुघलांकडे राजपूत आणि तुराणी, शिवाय खानदेशचा फारूकी सुलतान. समोर हबशी सेनापती, दख्खनी मुसलमान आणि मराठे. धर्मावरून यादी लागत नाही, मुलखावरून लागते. विजापूरच्या दफ्तरात हिशेब मराठीत ठेवले जात होते, दरबारात दखनी बोलली जात होती. आग्र्याहून आलेला सुभेदार त्या दरबाराला परकाच होता. आज आम्हा मराठी मुसलमानांना कुणी विचारतं, तुमचे पूर्वज मुघल ना? आमच्यातलेही काही जण छाती फुगवून हो म्हणतात. त्यांना सोनपेठ दाखवावंसं वाटतं.

अहमदनगर पडलं तरी निजामशाही संपली नाही, ती मलिक अंबरमुळे. इथिओपियातून गुलाम म्हणून आलेला हा माणूस. त्यानं परांड्याला दुसरा मुर्तझा निजामशहा गादीवर बसवला आणि पुढची पंचवीस वर्षं मुघलांना झोप येऊ दिली नाही. जहांगीरनं अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर स्वतः बाण सोडत असल्याचं चित्र काढून घेतलं. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधी मिळालं नाही, अंबर 1626 मध्ये म्हातारपणी वारला.

अंबरच्या गनिमी काव्याबद्दल सगळे बोलतात. त्याच्या वकिलांबद्दल बोलायला हवं. विजापूर पाठीशी असल्याशिवाय आपला निभाव लागणार नाही, हे त्यानं सुरुवातीपासून धरून ठेवलं होतं. आपल्या मुलाचं, फतेहखानाचं लग्न त्यानं विजापूरच्या एका बड्या सरदाराच्या मुलीशी लावलं. इब्राहिम आदिलशहानं त्याला घोडदळ दिलं, पैसा दिला आणि कंधारचा किल्ला दिला. (आपल्या नांदेड जिल्ह्यातलं कंधार. अफगाणिस्तानातलं कंदाहारही याच काळात गाजत होतं, म्हणून मुलांचा गोंधळ होतो.) हिशेब साधा होता. अहमदनगर उभं आहे तोवर मुघल विजापूरच्या सरहद्दीला भिडत नाहीत. या मदतीवर अंबरनं 1610 मध्ये अहमदनगरचा किल्ला परत घेतला. 1616 मध्ये जालन्याजवळ रोशनगावला तीन राज्यांच्या फौजा पुन्हा एकत्र लढल्या आणि हरल्या. अंबरचे काही सरदार आधीच मुघलांना मिळाले होते. मुघलांनी त्याचं नवं शहर खडकी जाळलं. तेच पुढचं औरंगाबाद.

1621च्या तहात मुघलांनी तिन्ही राज्यांवर मिळून 50 लाख रुपये बसवले: अहमदनगर 12, विजापूर 18, गोवळकोंडा 20. लढाईचा भार सगळ्यात जास्त अंबरनं सोसला होता, पैशाचा भार सगळ्यात जास्त गोवळकोंड्यावर पडला. हिऱ्यांच्या खाणी असलेलं श्रीमंत राज्य दूर बसून पैसे देतं आणि सरहद्दीवरचं गरीब राज्य माणसं देतं. ही वाटणी तशी शहाणपणाची होती, पण कुणी एकत्र बसून ठरवलेली नव्हती. तीन सुलतान अशा कामासाठी एका जागी बसले नाहीत. कायमचं खातं नाही, ठरलेली फौज नाही, कुणी किती द्यायचं याचा कागद नाही. लग्नं, वकील, पत्रं आणि त्या त्या वेळची भीती, एवढ्यावर सगळं चाललेलं.

म्हणूनच ते तोडणंही सोपं होतं. 1623च्या सुमारास मुघल सुभेदार महाबतखानापुढे दोघंही हात पुढे करून उभे होते. अंबर म्हणत होता विजापूरविरुद्ध मला मदत करा, विजापूर म्हणत होतं अंबरविरुद्ध आम्हाला करा. हे वाचताना आजही मान खाली जाते. महाबतखानानं विजापूर निवडलं. आदिलशाहीचा मुल्ला मुहम्मद लारी आपली निवडक फौज घेऊन बुऱ्हाणपूरला मुघलांकडे गेला. अंबरनं गोवळकोंड्याशी जुळवून घेतलं आणि रिकाम्या विजापूरवर चाल केली. मग लारी आणि मुघल सरदार धावत परत आले. 1624 मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला अंबरनं तलावाचा बांध फोडला, शत्रूची छावणी चिखलात रुतवली आणि मग तिच्यावर तुटून पडला. शहाजीराजे या लढाईत अंबरच्या बाजूनं होते, त्यांचे भाऊ शरीफजी तिथंच पडले. लारी मारला गेला. इतका मोठा विजय अंबरला आधी कधी मिळाला नव्हता.

विजय कुणावर, तर मुघलांवर आणि विजापूरवर. त्यानंतर अंबरनं इब्राहिम आदिलशहाचं लाडकं नौरसपूर उद्ध्वस्त केलं आणि सोलापूरला वेढा घालून ते जिंकलं. चांदबीबीसोबत गेलेला किल्ला साठ वर्षांनी तलवारीच्या जोरावर परत आला. लष्करी दृष्टीनं अंबर कुठंच चुकला नाही. विजापूरनं आधी दगा दिला होता आणि त्याची किंमत त्यानं वसूल केली. पण अंबर आणि इब्राहिम दोघंही दोन-तीन वर्षांत वारले आणि त्यांच्या वारसांच्या हाती ती जखम तेवढी राहिली.

शाहजहाननं दख्खनवर जोर लावला तेव्हा विजापूरच्या दरबारात दोन मतं होती. एक म्हणत होतं निजामशाही वाचवा, नाहीतर पुढची पाळी आपली. दुसरं म्हणत होतं निजामशाही बुडणारच आहे, आपला वाटा घेऊन मोकळे व्हा. विजापूर वर्षानुवर्षं या दोन मतांमध्ये हेलकावे खात राहिलं. मदतीच्या बोलणीत सोलापूर परत द्या ही अट होतीच. अहमदनगरकडे अंबरचा मुलगा फतेहखान निघाला बापाच्या अगदी उलटा. त्यानं आपल्याच सुलतानाला मारलं, कधी मुघलांकडे तर कधी विजापूरकडे झुकला आणि जून 1633 मध्ये दौलताबाद महाबतखानाच्या हाती दिलं. विजापूरचे रणदुल्लाखान आणि मुरार जगदेव वेढ्यात रसद पोचवायला धडपडले खरे. उशीर झाला होता. शहाजीराजांनी पेमगिरीला आणखी एक लहान निजामशहा बसवून तीन वर्षं झुंज चालू ठेवली.

1636 मध्ये शाहजहान स्वतः दौलताबादला आला. विजापूरवर आधी फौजा सोडून मुलूख उजाड केला आणि मग तह पुढे केला. आदिलशहानं स्वामित्व मान्य करायचं, 20 लाख रुपये द्यायचे, गोवळकोंड्याच्या सरहद्दीला हात लावायचा नाही, शहाजीला आसरा द्यायचा नाही. बदल्यात निजामशाहीतला वर्षाला 20 लाख होन उत्पन्नाचा मुलूख मिळेल. पुणे, चाकण, कोकणचा भाग, परांडा आणि सोलापूर. शंभर वर्षं जो किल्ला मागितला होता तो बादशहाच्या फर्मानानं मिळाला. गोवळकोंड्याशी वेगळा तह झाला: खुतब्यातून इराणच्या शहाचं नाव काढा, वर्षाला 2 लाख होन द्या, विजापूरनं त्रास दिला तर आम्ही बघू. दोघांशी वेगवेगळा कागद केला आणि दोघांच्या भांडणाचा न्याय स्वतःकडे ठेवला. शाहजहानच्या कितीतरी इमारतींपेक्षा मला हा तहनामा जास्त घोटीव वाटतो. माहुलीला शहाजीराजांनी शस्त्र खाली ठेवलं आणि पोरवयाचा निजामशहा ग्वाल्हेरच्या तुरुंगात गेला.

यानंतरची वीस वर्षं विजापूरची सुखाची. कर्नाटकात राज्य वाढलं, पैसा आला, मुहम्मद आदिलशहानं गोल घुमट बांधला. तो घुमट बघताना मला 1636 आठवतो. उत्तरेकडची भिंत पाडून मिळालेल्या शांततेत तो उभा राहिला. 1656 मध्ये मुघल गोवळकोंड्यात घुसले, 1657 मध्ये विजापूरच्या बिदर आणि कल्याणीवर आले. आता मधे कुणीच नव्हतं.

एकदा मात्र जुनी रीत पुन्हा चालली. 1665-66 मध्ये मिर्झा राजा जयसिंग विजापूरवर चालून आला. पुरंदरच्या तहामुळे या वेळी शिवाजी महाराज त्याच्यासोबत होते. गोवळकोंड्यानं 12,000 स्वार आणि 40,000 पायदळ विजापूरच्या मदतीला पाठवलं. विजापूरकरांनी शहराभोवतीचा मुलूख स्वतःच उजाड केला, विहिरी निकामी केल्या. जयसिंगाला हात हलवत परतावं लागलं. इतक्या उशिराही दोघं एकत्र आले तर मुघल फौज मागं फिरत होती. पण 1668च्या तहात विजापूरनं मुघलांना जे दिलं त्यात सोलापूरचा किल्ला होता.

1677 मध्ये शिवाजी महाराज भागानगरला, म्हणजे हैदराबादला, अबुल हसन कुतुबशहाला भेटले. मादण्णा पंडित तेव्हा तिथं वजीर होता. कुतुबशहानं पैसा आणि तोफखाना दिला आणि महाराज कर्नाटकात उतरले. त्याच काळात त्यांनी मालोजी घोरपडे यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दख्खनची पातशाही दख्खनच्या लोकांच्याच हाती राहावी, म्हणून जुनं वैर विसरून आपण एक व्हावं, असा त्याचा आशय. बाजी घोरपड्यांच्या घराशी भोसल्यांचं वैर किती जुनं होतं ते ठाऊक असलेल्याला या पत्राचं वजन कळेल. मलिक अंबर आपल्या वकिलांकरवी विजापूरला जे पटवत होता तेच आता मराठीत लिहिलं जात होतं, आणि लिहिणारा भातवडीला लढलेल्या शहाजीचा मुलगा होता.

औरंगजेब स्वतः दख्खनला उतरला. सप्टेंबर 1686 मध्ये विजापूर पडलं, सिकंदर आदिलशहा कैद झाला. वेढ्यातल्या विजापूरला मदत करायचं अबुल हसननं कबूल केलं होतं, हाच त्याचा गुन्हा ठरला. दुसऱ्या वर्षी गोवळकोंड्याला वेढा पडला. महिन्यांमागून महिने तट फुटला नाही, शेवटी एका सरदारानं लाच घेऊन दरवाजा उघडला. अबुल हसनला दौलताबादेत, निजामशहांच्या जुन्या राजधानीच्या किल्ल्यात, कैद करून ठेवलं. तो तिथंच वारला आणि जवळच खुलताबादला दफन झाला. मलिक अंबरचा मकबरा त्याच गावात आहे. औरंगजेबाची कबरही तिथंच.